पहिल्याच टेस्टवर मांजराचा निकाल लावायचा?

शेपटीवाली: आमच्या बोक्याची फेल्व्हची, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तीन थेंब रक्त, दहा मिनिटं, आणि किटवर एक ठिपका. इतका फिकट की खिडकीशी नेऊन बघावा लागला. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का?" बोका तेव्हा टेबलावर बसून माझ्या ओढणीचा गोंडा चावत होता!

ही टेस्ट विषाणूचं पी२७ नावाचं प्रथिन शोधते. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबतं आणि ते प्रथिन रक्तातून नाहीसं होतं. शिवाय धडधाकट मांजरात खोटा पॉझिटिव्हही निघतो. मग लॅबमधून पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणारी टेस्ट करून, काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निकाल कसला लावता?

सातवं_मांजर: असहमत. घरात आधीच सहा मांजरं आहेत. हा विषाणू लाळेतून जातो. एकमेकांना चाटणं, एकाच वाडग्यात तोंड घालणं, झालं काम. सातव्याला इतके आठवडे ठेवू कुठे, न्हाणीघरात? आणि पुढची टेस्ट निगेटिव्ह आली तरी विषाणूचे जनुक अस्थिमज्जेत दबा धरून राहू शकतात. पुढे प्रतिकारशक्ती ढासळली की परत डोकं वर काढतात. हा दिलासा म्हणजे नुसतं टांगून ठेवणं.

उंबरठ्यावरचा: निगेटिव्हवाल्यांनीही हुरळू नये. काल संसर्ग झाला तर आज टेस्टमध्ये दिसत नाही. फेल्व्हसाठी संपर्कानंतर निदान ३० दिवसांनी, एफआयव्हीसाठी, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या दुसऱ्या विषाणूसाठी, ६० दिवसांनी परत करा.

शेपटीवाली: @सातवं_मांजर, वेगळं ठेवा, बाकीच्यांना लस द्या, हे मीही म्हणतेय. पण जागेची अडचण हा मारण्याचा मुद्दा कसा होतो? एफआयव्हीत तर कहर आहे. ती टेस्ट विषाणू नाही, अँटिबॉडी बघते, आणि पिल्लाला त्या आईच्या दुधातून मिळतात. सहा महिन्यांचं झाल्यावर तेच पिल्लू निगेटिव्ह येऊ शकतं. मधल्या काळात त्याला झोपवलंत तर आईच्या रिपोर्टवर पोराला शिक्षा झाली की!

सातवं_मांजर: एफआयव्हीच्या पिल्लांचं मान्य. तो विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो, वाडग्यातून नाही, त्यामुळे थांबायला हरकत नाही. फेल्व्हचं मात्र मान्य नाही. तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे, म्हणून तुम्हाला थांबणं परवडतं.

शेपटीवाली: रिकामी नव्हती. माझी होती. पाच आठवडे मी हॉलमध्ये झोपले.