उत्तर: अँटीव्हायरस बदलल्यावर एनव्हीडीए वेबपाने वाचत नाही

एनव्हीडीए हे अंध वापरकर्त्यांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून वाचणारे सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर). अँटीव्हायरस बदलल्यावर मेनू आणि डेस्कटॉप नीट वाचले जातात, फक्त ब्राउझरमधले पान मुके, असे असेल तर एनव्हीडीए पुन्हा बसवून काही होणार नाही. वेबपान वाचण्यासाठी एनव्हीडीए आपली एक डीएलएल फाइल (सहायक कोडची फाइल) चालू ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये घुसवते. काही कीलॉगरही (दाबलेल्या कळा चोरून नोंदवणारे प्रोग्राम) असेच वागतात, म्हणून सुरक्षा सॉफ्टवेअर ती अडवते. मग 'एच' दाबून शीर्षकांवर उडी मारता येत नाही, बाण की गप्प राहतात.

आधी खात्री करा: एनव्हीडीए बंद करून विंडोज + कंट्रोल + एंटरने नॅरेटर (विंडोजमधलाच स्क्रीन रीडर) सुरू करा. त्याची पद्धत वेगळी आहे. तो तेच पान वाचत असेल, तर संशय अँटीव्हायरसवरच.

'एनव्हीडीएचे फोल्डर अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये (सूट दिलेल्यांच्या यादीत) टाका' हा नेहमीचा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. ती सूट बहुतेकदा फक्त फाइल स्कॅनपुरती असते. अडवणूक करते ते अँटीव्हायरसमधले एक्सप्लॉइट संरक्षण (प्रोग्राममधल्या त्रुटींचा गैरफायदा रोखणारी सोय) किंवा 'सुरक्षित ब्राउझर' ही सोय. त्यांची सूट वेगळ्या यादीत असते आणि काही ठिकाणी ती ब्राउझरच्या नावावर द्यावी लागते. नंतर संगणक रीस्टार्ट कराच. अँटीव्हायरस तात्पुरता 'पॉज' केला तरी त्याचे ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारे भाग) चालूच राहू शकतात, त्यामुळे त्या चाचणीवर विसंबू नका.

कृपया संपूर्ण संरक्षण कायमचे बंद करू नका. सूट देण्याची खिडकीच वाचता येत नसेल, तर ते उत्पादन अंध वापरकर्त्यासाठी निरुपयोगी आहे, ते काढा. मग विंडोजमधलाच अँटीव्हायरस, विंडोज डिफेंडर, आपोआप सुरू होतो.