प्रतिसाद: शेल विहिरीचं आयुष्य

'एकदा खोदली की विहीर तीस वर्षं गॅस देते' हे विधान अनेकदा ऐकू येतं, पण शेल म्हणजे घट्ट, थरांच्या खडकातल्या गॅसबाबत ते दिशाभूल करणारं आहे. पहिल्याच वर्षात उत्पादन साधारण ६० ते ७० टक्क्यांनी घसरतं. खडकात पाण्याच्या दाबाने पाडलेल्या भेगांलगतचा गॅस आधी निघून जातो. पुढचा घट्ट खडकातून अगदी हळू झिरपतो. त्यामुळे उत्पादन नुसतं टिकवायलाही सतत नव्या विहिरी लागतात, त्याही बऱ्याचदा कर्जावर. इतक्या विहिरींमुळे बाजारात गॅसची रेलचेल झाली आणि भाव कोसळला: अमेरिकेत २००८च्या उन्हाळ्यात हेन्री हबचा (तिथला गॅसचा प्रमाण भाव) दर दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं एकक) १२ डॉलरच्या वर होता, एप्रिल २०१२मध्ये २ डॉलरखाली आला. (मधली मंदीही त्याला कारण होतीच.) स्वस्त गॅसमुळे खत आणि रसायन कारखान्यांचं भलं झालं, पण खोदणाऱ्या कर्जबाजारी कंपन्यांचं कंबरडं मोडलं.