व्हीएलसी ३.०.६ वरच आहे, अपडेट करू का?

भजनवेडा:
मंडळी, वडिलांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं विंडोज ७ च्या जुनाट लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ऐकतो. अपडेटची खिडकी आली की बंद करतो. चालतंय ते बिघडवायचं कशाला? आणि गाणी वाजवणाऱ्याला कसली आलीय सुरक्षा?

तारतम्य:
कसली म्हणजे? प्लेअर फाइलमधले आकडे वाचून मेमरीत जागा धरतो. कुणी मुद्दाम खोटा आकडा घातला की डेटा जागेबाहेर सांडतो, आणि त्यातून परका कोड चालू शकतो. तुमच्यानंतरच्याच ३.०.७ मध्ये, जून २०१९ ला, अशी तीसेक भोकं एकदम बुजवली. युरोपियन कमिशनने ती शोधणाऱ्यांना बक्षिसं लावली होती. २०१७ मध्ये तर साध्या सबटायटलच्या फाइलमधून घुसता येत होतं!

भजनवेडा:
बाप रे. पण २०१९ मध्येच 'व्हीएलसी काढून टाका' अशाही बातम्या होत्या ना?

जुनाखोड:
जुलै २०१९. ती हूल होती. दोष व्हीएलसीचा नव्हता, तक्रार करणाऱ्याच्या उबुंटूवरच्या (लिनक्सचा एक प्रकार) जुन्या लायब्ररीचा, म्हणजे व्हीएलसी वापरते त्या तयार कोडचा, होता, आणि तो सोळा महिने आधीच दुरुस्त झालेला. ३.० मालिकेतली सगळ्यात ताजी आवृत्ती टाका, विंडोज ७ वर चालते. फक्त व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्याच साइटवरून घ्या. नावात साम्य असलेल्या भलत्या साइट्स फार.

भजनवेडा:
टाकली. आवाजाची सेटिंग्ज जशीच्या तशी राहिली. पखवाज अजून फाटतोय, पण तो मूळ रेकॉर्डिंगातच फाटलाय.