मदत हवी: बाबांच्या ट्रक सिम्युलेटरसाठी मोटर आणि कंट्रोलर कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी,

बाबांनी ३१ वर्षं एसटी चालवली. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. गेल्या दिवाळीत मी त्यांना युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिलं, सोबत ९०० अंश फिरणारं स्टिअरिंग आणि क्लचसकट तीन पेडलं. आता रोज संध्याकाळी दोन तास बसतात. पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ब्रेक दाबला की अंग पुढं जायला पायजे. हितं नुसतं चित्र थांबतंय." तेव्हापासून ही हलती चौकट करायला घेतली आहे. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. वेल्डिंग शेजारच्या वर्कशॉपमध्ये होतं, तिथं अडचण नाही. अडलोय ते मोटर आणि कंट्रोलरपाशी.

सीट, स्टिअरिंग, पेडलं सगळं एकाच चौकटीवर आहे आणि ती चौकट मधोमध ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सगळीकडं कलू देणाऱ्या सांध्यावर) तोललेली. नुसती सीट हलवली असती तर काम हलकं झालं असतं. पण मग पेडलं जागेवर आणि सीट पुढं-मागं, म्हणजे क्लच दाबताना दर वेळी गुडघ्याचा कोन बदलणार. ते मला नको होतं. मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन मोटरी, शाफ्टवर ७ सेंमीचा आर्म, आणि आर्मपासून चौकटीपर्यंत दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरता सांधा) असलेला दांडा. दोन्ही मोटरी एकाच दिशेनं गेल्या की चौकट पुढं किंवा मागं झुकते, एक वर एक खाली गेली की डावी-उजवीकडं कलते.

हिशोब असा मांडलाय, चुकला असेल तर सांगा. बाबांसकट वजन १२० किलो. गुरुत्वमध्य क्रॉसच्या साधारण २० सेंमी वर. झुकाव दोन्हीकडं ८ अंश. तेवढ्या झुकावावर नुसतं तोलून धरायला ३३ न्यूटन मीटर लागतात, हलवायला अजून ५० धरले, एकूण ८३. दांडे क्रॉसच्या ४५ सेंमी मागं आहेत, म्हणजे दोघांवर मिळून १८५ न्यूटन, एकावर ९२. ७ सेंमीच्या आर्मवर हे साडेसहा न्यूटन मीटर होतात.

आता बिघाड. जुन्या बाजारातून ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या, २४ व्होल्टच्या. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर एसएमसी३ (मोटरी हव्या त्या जागी नेणारा प्रोग्राम) टाकलं, मोटर कुठं आहे ते कळायला १० के चा पॉट (फिरवता येणारा रेझिस्टर), आणि ड्रायव्हर म्हणजे मोटरला करंट देणारा बोर्ड म्हणून व्हीएनएच२एसपी३० चिपचं शील्ड. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं की हे ४० व्होल्टपर्यंत चालतं आणि ३० अँपिअर देतं. १२ व्होल्टवर मोटरी हळू का होईना फिरतात. २४ दिले की शील्ड गप्प. मोटर जाम असेल म्हणून मी दोन्ही खोलल्या, ग्रीस भरलं, ब्रश साफ केले. रविवार गेला, फरक शून्य.

मग बीटीएस७९६० चे दोन मॉड्यूल आणले. त्यावर २४ व्होल्टला चालतंय, पण दिशा झटकन बदलली की एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) हिरवा दिवा विझतो. सप्लाय २४ व्होल्ट १५ अँपिअरचा आहे आणि क्लॅम्प मीटर ६ च्या वर जात नाही. ओव्हरलोड नसताना ट्रिप कशानं होतोय?

समोर पर्याय चार आहेत: व्हीलचेअरच्या मोटरी, ई-बाइकच्या सुट्या भागांत मिळणारी एमवाय१०१६झेड२, नेमा ३४ स्टेपर (ठराविक पावलांनी फिरणारी मोटर), किंवा सोफ्याला लावतात तसे लिनियर ॲक्चुएटर (मोटरनं सरळ आत-बाहेर सरकणारा दांडा). मोटर, ड्रायव्हर, सप्लाय मिळून ३५ हजारांत बसवायचं आहे. बाबा ७० वर्षांचे आहेत, त्यामुळे धक्का कमी बसला तरी चालेल, पण अचानक काही व्हायला नको.

प्रतिसाद १

दादा, तुमच्या मोटरीत दोष नाही, उगाच खोलल्यात. व्हीएनएच२एसपी३० मधले ४१ व्होल्ट म्हणजे चिप जळू नये याची शेवटची मर्यादा. चालण्याची मर्यादा १६ व्होल्ट आहे. त्यापुढं चिप स्वतःला बंद करून घेते. तुमचं शील्ड अजून शाबूत असणार, १२ व्होल्टच्या कामाला ठेवून द्या. ३० अँपिअरचंही तसंच, त्या एवढ्याशा बोर्डावर सलग निम्मेसुद्धा निघत नाहीत.

एसएमपीएस विझतो त्याचं कारण उलटं आहे. तो करंट जास्त गेल्यानं विझत नाही, करंट परत आल्यानं विझतो. फिरती मोटर तुम्ही अचानक उलटी केली की ती क्षणभर जनरेटर होते आणि ड्रायव्हरमधून तारांवर व्होल्टेज चढवते. बॅटरी ते गिळते, एसएमपीएसला गिळता येत नाही, मग त्याचं ओव्हरव्होल्टेज संरक्षण बंद पाडतं. वर बीटीएस७९६० ची स्वतःची मर्यादा २७.५ व्होल्ट, म्हणजे तुमच्याकडं वाव फक्त साडेतीनचा. आत्ताच्या आत्ता करता येण्यासारखं म्हणजे एसएमपीएसवरच्या छोट्या स्क्रूनं व्होल्टेज २२ वर आणा आणि एसएमसी३ मधला वेग कमी करा. दिवा विझायचा थांबला तर निदान पक्कं. खरा उपाय म्हणजे व्होल्टेज ठराविक पातळीच्या वर गेलं की ती ऊर्जा जाळणारा ब्रेक रेझिस्टर, किंवा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. बॅटऱ्या घेतल्यात तर खेळताना चार्जर काढून ठेवा. चार्ज होताना त्या २८.८ पर्यंत जातात आणि तिथं बीटीएस पुन्हा रुसेल.

अजून एक तपासा. पुष्कळ वायपर मोटरींत एक ब्रश बॉडीलाच जोडलेला असतो. मल्टिमीटरनं बॉडी आणि टर्मिनल बघा. बीप आला आणि दोन्ही मोटरी एकाच लोखंडी चौकटीवर बोल्ट केलेल्या असल्या, तर दोन्हींच्या दिशा वेगळ्या होताच चौकटीतूनच शॉर्ट होणार.

प्रतिसाद २

मी व्हीलचेअरच्या मोटरींवर अशीच चौकट केली आहे, दीड वर्ष चालू आहे. तुमचा हिशोब बरोबर वाटतो, फक्त साडेसहावर मोटर निवडू नका. घर्षण, सांध्यातला ढिलेपणा, चौकटीचं असमान वजन हे सगळं त्यात नाही. अडीचपट धरा, १६ न्यूटन मीटर. ६० आरपीएमला ते १०० वॉट होतात. वर्म गिअरमध्ये बराच भाग उष्णतेत जातो, ६० टक्के कार्यक्षमता धरली तर मोटरला १६५ वॉट लागतात. वायपर मोटर इथंच बाद होते. ती पाणी पुसायला केलेली आहे, माणूस उचलायला नाही.

आता वेग बघा, कारण सगळे टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) मागं लागून वेगात फसतात. तुमच्या दांड्याचा पूर्ण प्रवास साधारण साडेबारा सेंमी. सोफ्याचे ॲक्चुएटर जोर भरपूर देतात, पण सेकंदाला साधारण १ सेंमी सरकतात. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बारा सेकंद. बाबांनी ब्रेक दाबला आणि सीट बारा सेकंदांनी झुकली तर मळमळेल, बाकी काही होणार नाही. ६० आरपीएमवर तुमची चौकट सेकंदाला ५० अंशांहून जास्त वेगानं झुकेल. ट्रकला त्याच्या निम्मा वेगही खूप झाला. रेसिंगवाल्यांचं ऐकून जास्त आरपीएम घेऊ नका.

एमवाय१०१६झेड२ ताकदीला कमी नाही, २५० वॉटची आहे. पण शाफ्ट ३०० आरपीएमच्या आसपास फिरतो. चेननं चौपट कमी करावा लागेल आणि चेनचा ढिलेपणा सीटमध्ये खटखट म्हणून जाणवतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिचे गिअर सरळ दातांचे आहेत. वीज गेली की वजन तिला उलटं फिरवणार आणि चौकट बाबांना घेऊन एका बाजूला कलणार. व्हीलचेअरच्या मोटरीला मागं विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. वीज असेपर्यंत तो सुटलेला, वीज गेली की आपोआप पकडतो. चौकट जिथं आहे तिथं थांबते. ७० वर्षांच्या माणसासाठी माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

स्टेपर नको. वेग वाढला की त्यांचा टॉर्क पडतो, आणि एकदा स्टेप चुकली की चौकट कुठं आहे हे त्यांना स्वतःला कळत नाही.

प्रतिसाद ३

थोडं थांबून पैसे साठवता येत असतील तर एसी सर्व्होचा (आपली जागा स्वतः मोजत फिरणाऱ्या मोटरीचा) विचार करा. ७५० वॉटची ८०एसटी-एम०२४३०, २.४ न्यूटन मीटर, ३००० आरपीएम, त्याला ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू (फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा स्क्रू). सेकंदाला २५ सेंमी आणि एका पायावर २७०० न्यूटनच्या आसपास जोर. एसएफएक्स-१०० नावाचा खुला आराखडा याच धर्तीवर आहे. आवाज जवळपास नाही. मात्र अशा चार लागतात आणि तुमचं बजेट एका-दोन मोटरींतच संपेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रू फिरवून २२ व्होल्ट केले आणि दिवा विझायचा थांबला. बॉडी तपासली, दोन्ही मोटरींत बीप आला. म्हणजे दिशा वेगळ्या झाल्या की होणारा तो चर्र आवाज चौकटीतून होता, आणि मी बेअरिंगला दोष देत होतो. सर्व्होचं मनात राहील, पण बाबांना पुढच्या वर्षी नाही, या पावसाळ्यात बसवायचं आहे. व्हीलचेअरच्या मोटरी घेतोय. दोन शंका: बीटीएस७९६० वरच भागेल का, की साबरटूथ २×३२ हा दोन मोटरींचा ड्रायव्हर मागवू? आणि पॉटची तार तुटली तर काय होतं?

प्रतिसाद २

साबरटूथ मागवा. चॅनेलला सलग ३२ अँपिअर आहेत आणि ३० व्होल्टपर्यंत आरामात चालतो, म्हणजे बॅटरी २८.८ पर्यंत चढण्याची कटकट संपली. बीटीएस स्वस्त आहे, पण तुमच्या कामाला काठावर बसतो.

पॉटचा प्रश्न फार चांगला विचारलात. मधली तार तुटली की आर्डुइनोची पिन अधांतरी राहते, काहीही आकडा वाचते आणि मोटर त्या आकड्यामागं टोकापर्यंत पळते. प्रत्येक पॉटच्या मधल्या पिनपासून ग्राउंडला १०० के चा रेझिस्टर लावा. तार तुटली की आकडा सरळ शून्यावर येतो, आणि एसएमसी३ मध्ये लिमिट नीट लावलेली असेल तर मोटर जागच्या जागी बंद होते. लावून झालं की तार हातानं उपटून खात्री करा, दोन्ही मोटरींची. चौकटीवर तेव्हा वाळूची पोती ठेवा.

लाल मशरूम बटण (सगळं तातडीनं बंद करायचं) बाबांच्या उजव्या हाताला येईल असं बसवा आणि ब्रेकच्या कॉइलचा सप्लायही त्याच बटणामागून घ्या. वेगळ्या सप्लायवर घेतलात तर बटण दाबल्यावर मोटर बंद होईल आणि ब्रेक मात्र सुटलेलाच राहील.