दाल्मातियस नवस बोलला, पण कुणाला?

ओसरीवरचा: संतांना साकडं घालणं चर्चमध्ये शिरलं ते चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला आसरा देणाऱ्या कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहानंतर, असं हमखास ऐकवलं जातं. रोमबाहेर आप्पियन रस्त्यावर सान सेबास्तियानो चर्चखालची भिंत बघा. 1915 साली खोदकामात सापडली. जेवणावळीच्या ओसरीची भिंत, गिलाव्यावर टोकदार काहीतरी घेऊन खरडलेल्या शेकडो ओळी. एक अशी: 'पाउले एत पेत्रे, पेतिते प्रो विक्तोरे'. म्हणजे येशूच्या दोन प्रेषितांना हाक: हे पौला, हे पेत्रा, विक्टरसाठी विनवणी करा. एका ओळीत कॉन्सलांची, म्हणजे ज्यांच्या नावानं रोमन लोक साल सांगत त्या अधिकाऱ्यांची, नावं आहेत, त्यावरून साल निघतं 260. कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मायचा होता!

निमशास्त्री: 'आमच्यासाठी प्रार्थना करा' एवढ्यानं संतपूजा सिद्ध होते? रोममध्येच गेन्तियानुस नावाच्या पोराची समाधीशिळा आहे. 21 वर्षं, 8 महिने, 16 दिवस जगला. घरचे त्याला लिहितात, तुझ्या प्रार्थनेत आमच्यासाठी माग, तू ख्रिस्तात आहेस हे आम्हाला ठाऊक आहे. तो कुठला संत? घरचं गेलेलं माणूस.

ओसरीवरचा: गेन्तियानुसचा मुद्दा मान्य. पण त्याला त्याच्या घरच्यांनी हाक मारली. पेत्र-पौल या विक्टरचे कोण लागत होते? शिवाय त्याच भिंतीवर दाल्मातियस नावाचा एक जण म्हणतो, 'बोतुम' म्हणून जेवण कबूल केलंय. 'वोतुम' म्हणजे नवस. बोलताना 'व'चा 'ब' व्हायचा तसाच लिहिलाय. पंडिताचं काम नाही हे, साधा भाविक आहे. नवस बोललाय, फेडायला जेवण घालणार.

खापरी: थडग्यावर जेवायची चाल रोमन घराघरांत ख्रिस्ताच्या आधीपासूनची. चर्चचा मोठा पंडित ऑगस्टिन, त्याची आई मोनिका मिलानमध्ये हुतात्म्यांच्या जागी पेज, भाकरी, दारू घेऊन गेली, तर दारवानानं अडवलं. बिशप अँब्रोजची मनाई होती. कारण? हे पितरांच्या जुन्या सणासारखं दिसतं म्हणून. जुनीच सवय, नाव तेवढं नवं.

ओसरीवरचा: मनाई कशाची करतात? जे लोक करतच असतात त्याची. बरं, सवय जुनी असली म्हणून त्या माणसाची श्रद्धा खोटी?

निमशास्त्री: खोटी कोण म्हणतंय? नवस पेत्राला होता की पेत्राच्या नावानं देवाला, हे त्या ओळीतून कळत नाही, एवढंच म्हणतोय. आणि त्या ओसरीपाशी प्रेषितांचं थडगं तरी कुठे सापडलंय?

ओसरीवरचा: नाहीच सापडलं. पण 354 सालच्या रोमन पंचांगात 29 जूनला पेत्राचं स्मरण 'कातकुंबास'मध्ये, म्हणजे याच जागी, लावलंय, सोबत 258 सालचे कॉन्सल. थडगं नसेल तर लोक इतकी वर्षं तिथे जेवायला का बसत होते, ते सांगा आधी.