पितळी नेमप्लेटमधला रंग पुसताना निघून येतोय, काय करू?

उद्यमनगरी_पोरगा:
राम राम मंडळी. आमच्या आज्ज्याच्या विहिरीवर जुनं ऑइल इंजिन होतं, ५ एचपी ६५० आरपीएम, त्याचं छोटं मॉडेल करतोय वर्षभर. फ्लायव्हील, हॉपर (इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी) सगळं झालं, नेमप्लेट तेवढी राहिलीय. १ मिमी पितळी पत्र्यावर लेसर प्रिंटची शाई इस्त्रीनं चिकटवली आणि अक्षरं कोरायला फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे शाई नसलेलं पितळ खाणाऱ्या द्रावणात टाकली (पहिली प्लेट उलटी आली, प्रिंट मिरर करायचं विसरलो, घरातले अजून हसतात). दुसरी झकास आली. पण अक्षरांत काळा ऑइल पेंट भरून वरचं थिनरच्या फडक्यानं पुसलं की आतला पण रंग येतोय. तीनदा केलं. गुजरीत (आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात) भांड्यावर नाव घालतात त्यांच्याकडून खोदून घेऊ का?

फौंड्रीवाला_काका:
भांड्यावरचं नाव लई उथळ असतं, त्यात रंग टिकायचा नाही. तुझी चूक फडक्यात आहे बघ. फडकं मऊ, अक्षरात शिरतं आणि रंग पिऊन बाहेर येतं. ओलं असताना पुसूच नको. प्लेट अ‍ॅसिटोननं धू, मग बोट लावायचं नाही. सिरिंजनं रंग अक्षराच्या वर येईल इतका भर, बुडबुडा दिसला की टाचणीनं फोड. वाळला की रंग खाली बसतो, मग दुसरा हात. त्यानंतर निदान आठवडा हात लावू नको, पावसाळ्यात त्याहून जास्त. मग काचेवर ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा बारीक पॉलिश पेपर) पाण्यासकट पसरायचा, प्लेट पालथी घालून एकाच दिशेनं घासायची, शेवटी १०००. पेपर बोटानं प्लेटवर घासलास तर कडा गोल होणार आणि रंग पण खरवडणार.

चाक_आणि_पट्टा:
काका बरोबर, पण खोली किती मिळालीय ते आधी बघ. ०.२ मिमी तरी पाहिजे, नाहीतर घासण्यातच अक्षर जाईल. फेरिक खाली खातं तसं बाजूला पण खातं, म्हणून बारीक रेघ जाड होते. प्लेट पालथी तरंगत ठेवायची म्हणजे गाळ खाली पडतो, आणि ट्रे गरम पाण्यात ठेवला की काम लवकर होतं. वाफेच्या इंजिनाच्या नावपाट्या असतात तशी उठावाची अक्षरं पाहिजे असतील तर शाई अक्षरावर ठेवायची आणि आजूबाजूचं खाऊ द्यायचं, मग सगळीकडे रंग मारून नुसतं वरचं घासलं की झालं. मला तेच सोपं जातं.

लोखंडी_बाई:
आणि वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर अजिबात मारू नका, त्याच्या थिनरनं खालचा रंग उठतो!! माझा ऑइल पेंट सुरकुतला, महिन्याची मेहनत दोन मिनिटांत. अ‍ॅक्रिलिक स्प्रे घ्या, पातळ पातळ दोन हात, तोही पाऊस उघडल्यावर, दमट हवेत पांढरट पडतो. आणि वापरलेलं फेरिक मोरीत ओतू नका कुणी.

उद्यमनगरी_पोरगा:
ताई उशीर झाला, ओतलं. मोरीची स्टीलची जाळी पण गेली, आई अजून बोलत नाही. खोली व्हर्नियरनं बघितली, ०.१५ च्या आसपास येतेय. म्हणजे तिसरी प्लेट.

फौंड्रीवाला_काका:
मर्दा, तिसरीला मिरर कर तेवढं.