‘द लास्ट जेडाय’मधला पाठलाग युद्धशास्त्राच्या कसोटीला उतरतो का?

घोडबंदरकर (ठाणे):
‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या, २०१७ सालच्या ‘द लास्ट जेडाय’ या चित्रपटाचा कणा म्हणजे एक लांबलेला पाठलाग आहे. बंडखोरांची नेता लिआ हिच्या ताफ्याचे इंधन संपत आले आहे, हायपरस्पेसमध्ये, म्हणजे प्रकाशवेगापलीकडच्या प्रवासात, झेप घेतली तरी फर्स्ट ऑर्डर ही शत्रू राजवट माग काढते, आणि एवढे असूनही तिची अवाढव्य जहाजे या मोजक्या जहाजांच्या मागे तासन्‌तास नुसती चालत राहतात. अवकाशात स्फोटाचा आवाज कसा येतो, असले प्रश्न मी विचारणार नाही. तेवढी सूट अशा चित्रपटाला द्यायलाच हवी. माझा आक्षेप चित्रपटाने स्वतः घालून दिलेल्या नियमांबाबत आहे. माग काढणे आणि झेप घेणे ही दोन्ही साधने हाताशी असताना दोन-तीन जहाजे छोटी झेप घेऊन पुढे का जात नाहीत आणि वाट का अडवत नाहीत? शिवाय लिआच्या ताफ्याची सूत्रे हाती घेतलेली होल्डो इतरांना निसटू देण्यासाठी मागे थांबते आणि जशी आपले जहाज प्रकाशवेगाने शत्रूवर घालते, तसे करता येत असेल, तर १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटात डेथ स्टार हे शत्रूचे महाकाय अंतराळस्थानक फोडण्यासाठी वैमानिकांना त्याच्या पृष्ठभागावरच्या अरुंद चरातून का जावे लागले?

भौतिकीप्रेमी (ऐरोली):
इंधनाच्या मुद्द्यावर चित्रपटाची बाजू घेतली पाहिजे. निर्वात पोकळीत एकसमान वेगाने जायला इंधन लागत नाही, हे खरे. पण दोन्ही ताफे सतत वेग वाढवत आहेत असे धरले, तर ज्याचे इंधन आधी संपेल त्याला मागचा गाठणारच, आणि पडद्यावर तेच दिसते. सुरुवातीच्या हल्ल्यात बॉम्ब ‘खाली’ पडतात, यावरही बरीच टीका होते. जहाजात कृत्रिम गुरुत्व असेल, तर दारातून बाहेर पडताना बॉम्बला मिळालेला वेग बाहेर कायम राहील. न्यूटनचा पहिला नियमच तसे सांगतो. त्या हल्ल्यातली खरी चूक रचनेची आहे. बॉम्बर इतके खेटून उडतात की एक फुटला की शेजारचाही जातो, आणि संरक्षणाला लढाऊ विमाने अपुरी आहेत.

होल्डोच्या धडकेबद्दल मात्र आपण म्हणता ते मान्य करावेच लागते. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूची गतिज ऊर्जा हिरोशिमावरच्या बॉम्बच्या साधारण सातपट भरते. मग कोणत्याही ताफ्याने तोफा कशाला बाळगाव्यात? रिकामी जहाजे यंत्रमानवांच्या हाती देऊन पाठवावीत. २०१९ सालच्या पुढच्या भागात अशी धडक दहा लाखांत एखादीच साधते, असे एका वाक्यात सांगून टाकले आहे. ती मलमपट्टी मला पुरेशी वाटत नाही.

गडवाटा (ठाणे):
वाट अडवण्याच्या मुद्द्याला आपल्याच शहराचा दाखला आहे. १७३७ साली मराठ्यांनी वसईवर मोहीम काढली, तेव्हा आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट आधी ताब्यात घेतले. त्यामुळे वसईला त्या बाजूने मिळणारी कुमक तुटली आणि १७३९ च्या मे महिन्यात, कडव्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांच्या हाती वसई आली. प्रतिपक्ष कोंडीत सापडलेला असताना त्याच्या मागे रेंगाळत राहणे कोणत्याही सेनापतीला शोभत नाही. फर्स्ट ऑर्डरचा सेनापती हक्स याला विजयाची इतकी खात्री वाटते की तो घाई करत नाही, असा बचाव होऊ शकतो. पण मग हाताखालच्या एखाद्या अधिकाऱ्याने पुढे जहाजे पाठवण्याचे सुचवले आणि हक्सने ते फेटाळले, असा एक संवाद तरी हवा होता. होल्डोच्या वेळी तो संवाद आहे: अधिकारी तिच्या जहाजाची हालचाल दाखवून देतो, हक्स त्याला गप्प करतो आणि तोफा पळणाऱ्या छोट्या यानांवरच रोखून ठेवतो. म्हणून ती चूक पटते.

सारिका (खारघर):
मला होल्डोच्या मौनाचे कोडे अधिक छळते. मागे थांबून इतरांना निसटू देणे ही जुनी आणि थोर युद्धनीती आहे. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी तेच केले. परंतु राजे विशाळगडावर पोहोचताच तोफा होतील, ही खूण परंपरेने सांगितली जाते, म्हणजे कशासाठी आणि कुठवर झुंजायचे हे तिथल्या प्रत्येक मावळ्याला ठाऊक होते. होल्डो पो डॅमरॉनसारख्या वैमानिकाला योजना सोडाच, योजना आहे एवढेही सांगत नाही, आणि बंड होते. ताफ्यात फितूर असल्याचा संशय तिच्या तोंडी आला असता, तर हे मौन समजण्यासारखे ठरले असते.

घोडबंदरकर (ठाणे):
सारिकाताई, तो संशय स्वाभाविकच होता, कारण झेप घेऊनही शत्रू माग काढतो हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. पटकथेत तो आला असता, तर पोचे बंड आणि होल्डोचे मौन दोन्ही योग्य वाटले असते आणि दोघांपैकी कोणीच मूर्ख ठरले नसते. पाठलागाबाबत गडवाटा यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. धडकेबाबत मात्र माझा आक्षेप कायम आहे: तो प्रसंग पडद्यावर कितीही देखणा असला, तरी आधीच्या प्रत्येक लढाईला तो प्रश्नचिन्ह लावून जातो.